फलकावरची बाई

तुळजापूरकडून धाराशिवात शिरताना जिथं रस्ता रुंद होतो, तिथं महारुद्रनं गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि हनुवटीनंच वर दाखवलं. "बघ," तो म्हणाला. सत्यभामाला वाटलं, कुणाच्या तरी वाढदिवसाचं बॅनर असेल. तिनं मान वाकवून पाहिलं. आधी तिला फक्त नवरा दिसला. दुमजली घराएवढा नवरा, पांढरा सदरा, करडं जाकीट, मखमली खुर्चीत पायावर पाय टाकून बसलेला, आणि दोन बोटांत बँकेचं ते काळं कार्ड. पोट कुठं गेलं होतं कोण जाणे. तिला हसू आलं, अभिमानही वाटला, खोटं कशाला बोला. मग तिची नजर बाजूला सरकली. खुर्चीच्या हातावर रेलून, नवऱ्याच्या खांद्यावर बोटं टेकवून एक बाई उभी होती. गोरी, लांब मानेची, चाळिशीच्या अलीकडची. आणि त्या बाईच्या अंगावर सत्यभामाची जांभळी इरकल होती. इरकली बाजारात ढिगानं मिळतात, पण या इरकलीच्या पदराचे गोंडे सत्यभामानं स्वतः वळले होते आणि एकेका गोंड्यात पोपटी मणी ओवला होता, शेजारच्या बायका हसल्या तरी. फलकावर ते मणी लिंबाएवढाले दिसत होते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'आता तुमच्याही शहरातून, राजेशाही मुक्काम.'

"ही कोन?" तिनं विचारलं.

"मॉडेल हाय. मुंबईची. कंपनीची पद्धतच असती तशी."

"साडी माझी हाय."

महारुद्रनं काच वर केली. बाहेरचा सगळा आवाज, नवरात्रासाठी तुळजापूरला निघालेल्या गाड्यांचे भोंगे, एकदम बंद झाला आणि आतली गार हवा तिच्या गुडघ्यांवर येऊ लागली. "साडीच तर हाय," तो म्हणाला. "परत दिली की त्यांनी. इस्त्री करून." मग त्यानं गाडी पुढं काढली आणि घर येईपर्यंत, हा फलक लातुरातबी लागणार हाय, सोलापुरातबी, असं सांगत राहिला. ती हं हं करत राहिली. तिला त्या क्षणी राग आलेला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं. तिच्या हातांना फक्त काहीतरी आठवू लागलं होतं आणि ते काय ते तिला कळेना. घरी आल्यावर कपाटातून ती इरकल काढून तिनं पलंगावर ठेवली, घडीवर तळहात टेकवला, आणि मग कळलं. त्या दिवशी हैदराबादच्या हॉटेलात साडी हातात आली तेव्हा ती कोमट होती.

कार्डाची सुरुवात जळकोटच्या पेट्रोल पंपावर झाली होती. हायवेला लागून महारुद्रची जमीन, तिच्या कडेला पंप, मागं द्राक्षबाग. मुलीच्या शाळेसाठी धाराशिवात बांधलेलं घर मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तरी चालूच राहिलं, आणि महारुद्र रोज गाडीनं जाऊन येऊन करायचा. बँकेची वैदेही पंपावर आली ती हे कार्ड घेऊन. तुळजापूरच्या एका मास्तरांची ही मुलगी, अंगानं किरकोळ, पायात बूट, बोलायला गोड. कार्ड साधं नव्हतं. एका मोठ्या हॉटेल कंपनीचं आणि बँकेचं मिळून काढलेलं. वर्षाला दोन रात्री मोफत, सकाळचा नाश्ता मोफत, विमानतळावर बसायला वेगळी खोली, खर्च करत जाल तसे गुण वाढत जाणार आणि गुण वाढले की खोलीही मोठी मिळणार. जिल्ह्यात ना विमानतळ, ना त्या कंपनीचं एखादं हॉटेल. सगळ्यात जवळचं हैदराबादला. पण कार्ड धातूचं होतं, टेबलावर टाकलं की टणकन वाजायचं, आणि महारुद्र ते टाकायचा. सोयरे यायचे, हातात घेऊन वजन बघायचे. बेंबळीच्या बलभीमनं, सत्यभामाच्या चुलतभावानं, एकदा साधेपणानं विचारलं, "दाजी, ह्यानं हुतं काय?" "हॉटेलात ऱ्हायला मिळतं." "कुठल्या?" "हैदराबादच्या." "मग हैदराबादला काय काम असतं तुमचं?" बलभीम गेल्यावर महारुद्र खूप वेळ कार्ड बोटांत फिरवत बसला. "ह्या लोकास्नी मुक्काम म्हंजी धर्मशाळा न्हायतर पाव्हन्याची पडवी," तो म्हणाला. सत्यभामा समोर लसूण सोलत होती. ह्या लोकांत आपण मोजलो गेलो का, असा विचार तेव्हा तिच्या मनात आला नव्हता. आता येत होता. आता सगळ्याच गोष्टी उलट्या बाजूनं दिसू लागल्या होत्या, शिवणीच्या बाजूनं.

मग एकदा महारुद्रनं सांगितलं, बँकेला जाहिरातीसाठी खरा माणूस पाहिजे. नट नको, आपल्याकडचा, शेतीवाडीचा. मला म्हणालेत. हैदराबादच्याच हॉटेलात फोटो काढणार. "आन् तूबी," तो म्हणाला होता की नव्हता? तिनं हे आठवून आठवून पाहिलं. 'दोघं जाऊ' म्हणाला होता, एवढं नक्की. त्या 'दोघं'वर तिनं पुढचं सगळं रचलं होतं. पार्लरमध्ये जाऊन भुवया नीट केल्या, कधी नव्हे ते. गोंडे त्याच वेळी वळले. शिवांजलीला, मुलीला, फोन करून विचारलं की फोटोत गडद रंग बरा का फिका. हॉटेलात शिरताना दारातल्या माणसानं वाकून नमस्कार केला तर हिनंही वाकून नमस्कार केला, आणि महारुद्रनं तिचा कोपर हलकेच दाबला. खोली तिला आवडली. ते नाकारण्यात अर्थ नव्हता. पांढऱ्या गादीवर ती आधी कडेला बसली, मग मध्ये, मग आडवी झाली आणि छताकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "आवं, असं झोपायला मिळालं तर मानूस आजारी पडायचा न्हाय." तो हसला होता. चांगलं हसला होता. तेच तर. तो दिवसभर तिच्याशी चांगलाच वागत होता.

सकाळी तो म्हणाला, "आधी माझे एकट्याचे काढत्यात. मग तुला बोलावतील. साडी दे, इस्त्रीला देतो." तिनं दिली. न्हाऊन, वेणी घालून, कुंकू लावून, परकर-पोलक्यावर हॉटेलचा तो जाड पांढरा झगा घालून ती बसली. येतानाची साडी बॅगेत घडी घालून होती, पण आत्ता इरकल येईलच, मग पुन्हा बदलायची कशाला. ती बसून राहिली. आरशासमोर उभं राहून तिनं हसून पाहिलं. दात न दाखवता बरं दिसतं असं ठरवलं. हात कुठं ठेवायचे हा प्रश्न होता. नवऱ्याच्या खांद्यावर ठेवायला सांगतील का, की लाज वाटेल? तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पाहिला, जणू तिथं तो बसलाय. चहा आला. चहा आणणाऱ्या पोरीनं विचारलेलं तिला नीट समजलं नाही, ती नुसतीच मान हलवत राहिली. खिडकीतून खाली निळं पाणी दिसत होतं आणि त्यात कुणीही नव्हतं. ऊन खोलीत आलं, गालिच्यावरून सरकत भिंतीला लागलं, गेलं. दुपार उलटल्यावर महारुद्र आला. दंडावर साडी. "आटोपलं. उजेड गेला म्हने. तुझे ऱ्हायले." ती म्हणाली, "असू द्या की," आणि साडी घेतली, आणि ती कोमट होती, आणि तिला कुठल्या तरी फुलांचा मंद वास येत होता. तिनं पदर नाकाशी धरला. "बघा, इस्त्रीलाबी वास घालत्यात," ती कौतुकानं म्हणाली. महारुद्र खिडकीकडे तोंड करून उभा होता. तो वळला नाही.

नुकतीच कुणाच्या तरी अंगावरून उतरलेली साडी. तीच नेसून ती रात्री त्याच्यासोबत जेवायला गेली होती.

तिला त्याचा तो पाठमोरा खांदा पुन्हा पुन्हा आठवायचा. आधी तो खांदा असा नव्हता. शिवांजली लहान असताना तिला सोलापूरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं होतं तेव्हा ही दोघं दवाखान्यामागच्या एका लॉजवर राहिली होती. एकच खाट, भिंतीला ओल, खालच्या खानावळीच्या फोडणीचा धूर थेट खोलीत. महारुद्र फरशीवर टॉवेल टाकून झोपायचा आणि तिला खाटेवर झोपवायचा, आणि ती दवाखान्यातून परत आली की काही न विचारता तिच्या तळपायांना तेल लावायचा. लॉजच्या मॅनेजरनं वहीत लिहायला विचारलं, सोबत कोण, तेव्हा याच माणसानं छाती काढून सांगितलं होतं, "मंडळी हायेत आमच्या." साऱ्या लॉजला ऐकू जाईल असं. तेव्हा तर ती विटक्या साडीत होती, डोळे रडून सुजलेले होते. मग नेमकं कधी? पंप झाला तेव्हा? बंगल्याच्या वास्तुशांतीला? की माणूस काहीच करत नाही, नुसता मोठमोठ्या खोल्यांत जात राहतो, आणि एका खोलीच्या दारात त्याला वाटतं की सोबतचं हे सामान इथं शोभणार नाही? पोळ्या लाटताना, तुळशीला पाणी घालताना, ती तो दिवस शोधत राहायची, आणि तो दिवस सापडला असता तर काय केलं असतं हेही तिला माहीत नव्हतं.

फलकाची चर्चा गावभर झाली. लोक फोन करायचे, महारुद्र हसून हसून दमायचा. शेजारच्या अनसूयावहिनी, निवृत्त हेडमास्तरांच्या मंडळी, वाटीभर चिवडा घेऊन आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबवत चाललेल्या. "सत्यभामाबाई, रिक्षातून बघितलं हो. काय छान आलाय फोटो! तुम्ही त्यात किती बारीक दिसताय." सत्यभामाच्या हातात वाटी होती. ती मी नाही, एवढंच सांगायचं होतं. त्याऐवजी ती म्हणाली, "आता कॉम्प्युटरवर करत्यात बारीक." आणि अनसूयावहिनी खूश होऊन गेल्या. त्या गेल्यावर मोरीत जाऊन तिनं चूळ भरली. आपणच आपल्याला पुसायला हात लावला, असं काहीसं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे क्षणभर बरंही वाटलं होतं. ज्यांची नजर धड होती ते विचारत नव्हते. लग्नाकार्यात बायका तिच्याकडे बघायच्या आणि बोलणं दुसरीकडे वळवायच्या. शिवांजलीला तिनं फोनवर सांगितलं तर ती पलीकडून घाईत म्हणाली, "आई, जाहिरातीत असंच असतं गं. आणि तुला कुठं आवडतं ते सगळं?" तुला कुठं आवडतं. हे वाक्य घरात कुणी आणलं, असा प्रश्न सत्यभामाला पडला, कारण तिनं स्वतः ते कधी उच्चारलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर वैदेही घरी आली. आधी फोन करून आली होती, पण महारुद्र पंपावरून निघायचा होता. सोफ्याच्या टोकाला ती बसली, बूट दाराशी काढून. पायमोज्याला अंगठ्याशी भोक होतं आणि ते तिनं दुसऱ्या पायाखाली झाकलं. सत्यभामानं चहा ठेवला. पोरगी वाळली होती.

"काकू, मी सरांच्या कार्डावर तुमचं एक जोडकार्ड काढायला आलेय. तुमच्या नावाचं."

"मला काय करायचं कार्ड?"

"तुम्हाला नसेल करायचं. मला करायचंय." वैदेही हसली, पण ते हसू टिकलं नाही. "मुंबईचे साहेब म्हणतात, छोट्या शहरात हे चालत नाही. लोक कार्ड घेतात, खिशात ठेवतात, हॉटेलात जातच नाहीत. धाराशिव, लातूर बंद करा म्हणतात. मी सांगितलं, थोडा वेळ द्या, इथं माणसं घरच्यांना सोबत घेऊन जायला लागली की चालेल. म्हणून आता घरातल्या बायकांची कार्डं मागतायत. महिनाअखेरपर्यंत झाली नाहीत तर मीपण बंद." तिनं चहा घेतला. मग, बहुधा काहीतरी गोड बोलावं म्हणून, म्हणाली, "तुम्ही फोटोला हो म्हणायला पाहिजे होतं काकू. मला फार वाईट वाटलं तेव्हा."

सत्यभामा चहाच्या कपाकडे बघत होती. "कशाला हो?"

"फोटोला. आम्हाला जोडीच हवी होती, खरी. फोटोवाल्यांनी तर तुमच्यासाठी वेळ राखून ठेवला होता. पण आदल्या आठवड्यात सरांचा फोन आला, की तुम्ही नाही म्हणताय, तुम्हाला आवडत नाही असलं. कंपनीचीच कुणी बाई आणा, म्हणाले. मग धावपळ करून मुंबईहून मॉडेल आणली." ती थांबली. समोरच्या चेहऱ्यात काहीतरी झालं ते तिला दिसलं असावं, पण बोलणं आता मागं घेता येत नव्हतं. "साडीसुद्धा तुम्हीच पाठवलीत ना? सर म्हणाले, आमच्या मंडळींनी हौसेनं दिलीय, हीच नेसवा, घरचं वाटेल."

आदल्या आठवड्यात. म्हणजे भुवया करून आली तेव्हा. गोंडे वळत होती तेव्हा. तो समोर बसून बातम्या बघत होता आणि मध्येच म्हणाला होता, "मणी बरे दिसत्यात." इतके दिवस तिनं मनात मुंबईची कंपनी धरली होती, न पाहिलेल्या फोटोवाल्याला शिव्या दिल्या होत्या, त्या लांब मानेच्या बाईला तर काय काय म्हटलं होतं. ती सगळी माणसं आता उठून गेली. एकच उरला, आणि त्याच्या गाडीचा आवाज फाटकाशी ऐकू येत होता.

महारुद्र आत आला, "आलीस का गं पोरी," म्हणत पंख्याखाली बसला. सत्यभामानं त्याला पाणी दिलं. तो पिऊन होईपर्यंत थांबली.

"म्या फोटूला नको म्हनलं व्हतं व्हय?"

त्यानं आधी वैदेहीकडे पाहिलं. वैदेही पिशवीत काहीतरी शोधू लागली. मग तो हसला, गिऱ्हाइकाशी हसावं तसं. "अगं तुला काय माहीत तिथलं. लाईट मारत्यात तोंडावर, पन्नास मानसं बघत्यात. तुला जमलं नसतं."

"इचारायचं तरी व्हतं."

"इचारलं असतं तर तू व्हय म्हनली असतीस. मग?" हे बोलून गेल्यावर त्यालाच ते ऐकू आलं. आवाज चढला. "फलकावर खरं कुनाला बघायचं असतं गं? मला तरी तसाच ठेवलाय का? माझं प्वाट न्हाय कमी केलं?"

"तुमचं प्वाट कमी केलं," सत्यभामा म्हणाली, "मला समदीच कमी केली."

महारुद्रनं हात झटकला. "आता काढून द्यायलोय की तुझ्या नावाचं. कर गं पोरी, काय असंल ते. मला भूक लागलीय." वैदेहीनं मोबाईल काढला. तिला उठून जायचं होतं, आणि तिला ते कार्डही हवं होतं, दोन्ही तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "फक्त चेहरा दाखवायचा काकू," ती अगदी हळू म्हणाली. "बँकेला खात्री पाहिजे असते, की माणूस खरा आहे." तिनं मोबाईल सत्यभामासमोर धरला. पडद्यावर एक गोल आला आणि त्या गोलात सत्यभामा. घामेजलेली, नाकाजवळ तीळ, केस विस्कटलेले, मानेला वळ्या. भुवया पुन्हा वाढलेल्या. तिनं स्वतःकडे निरखून पाहिलं. इतकं वाईट नव्हतं. मोबाईलमधून एका बाईचा स्वच्छ आवाज आला : चेहरा गोलात आणा. तिनं आणला. डावीकडे बघा. तिनं पाहिलं, तिथं महारुद्र होता, घड्याळाकडे बघत. समोर बघा. डोळे मिटा. तिनं डोळे मिटले.

आता डोळे उघडा, आवाज म्हणाला.

आत तांबूस अंधार होता आणि त्यात कुणीच नव्हतं. पंखा ऐकू येत होता, रस्त्यावर भाजीवाल्याची हाळी, वैदेहीचा श्वास. पापण्या जड नव्हत्या, उघडायला काहीच लागत नव्हतं. नुसतं उघडायचं. पोरीचं काम होईल. तिच्या पायमोज्याचं भोक तिला आठवलं, मुंबईचे साहेब आठवले. उघडावे, असं तिनं स्वतःला सांगितलंही. "काकू," वैदेही म्हणाली, "उघडा ना." डोळे उघडा, आवाज पुन्हा म्हणाला. "अगं उघड की," महारुद्र म्हणाला. "काय चालवलंय?" कितीतरी वर्षांत कुणी तिच्याकडून एवढं एकच मागत तिच्यासमोर थांबून राहिलं नव्हतं. ती थांबली. मोबाईलमधून एक बारीक सूर निघाला. "वेळ संपला," वैदेही म्हणाली. "पुन्हा करू या. काकू? पुन्हा लावते हं." पुन्हा गोल, पुन्हा तो आवाज, चेहरा गोलात आणा. सत्यभामा मिटल्या डोळ्यांनी बसून राहिली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "डोस्कं फिरलंय हिचं," म्हणत पावलं आत गेली.

बऱ्याच वेळानं कप बशीवर ठेवल्याचा आवाज झाला. पिशवीची चेन ओढली गेली. मग वैदेहीचा आवाज दाराजवळून आला, बुटात पाय घालतानाचा, वाकलेला. "खरं मी सांगितलं होतं काकू," ती म्हणाली. "आणि राग माझ्यावर काढलात."

फाटक वाजलं. सत्यभामानं डोळे उघडले. समोर कुणी नव्हतं. पोरगी बरोबर बोलली होती, आणि तिला हाक मारून परत बोलावता येण्याइतकी ती अजून जवळ होती, कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघत उभी असणार. सत्यभामा उठली नाही. आतून ताट ओढल्याचा आवाज आला, आणि महारुद्र ओरडून विचारत होता, मीठ कुठं ठेवलंय.